कायमचं परदेशी निघताना वरच्या वर्गाचं तिकीट: सीटच्या आधी भाड्याच्या अटी बघा

परदेशात राहायला जायचं ठरलं की बिझनेस क्लासच्या तिकिटाचं समर्थन बहुतेक वेळा सामानावरून केलं जातं. जास्त वजन नेता येईल, कार्गोचे पैसे वाचतील, शेवटी खर्च सारखाच पडेल, असं म्हटलं जातं. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. बॅगा नगावर मोजणाऱ्या बहुतेक कंपन्या लांब पल्ल्याच्या बिझनेसमध्ये प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा देतात, म्हणजे ६४ किलो. त्याच मार्गावर इकॉनॉमीत २३ किलोच्या दोन बॅगा मिळत असतील तर ४६ किलो होतात. फरक पडला १८ किलोचा. इकॉनॉमीच्याच तिकिटावर २३ किलोची एक जादा बॅग आगाऊ विकत घेतली, तर त्या बॅगेचं स्वतःचं चार-पाच किलो वजन वजा जाऊनही तेवढंच सामान जातं, आणि त्या बॅगेचे पैसे दोन वर्गांच्या भाड्यातल्या फरकापुढे किरकोळ असतात. प्रीमियम इकॉनॉमीत, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गात, तर अनेक कंपन्या २३ किलोच्याच दोन बॅगा देतात. ज्या मार्गावर इकॉनॉमीला एकच बॅग आहे तिथे हा फरक मोठा असतो, तेवढाच अपवाद.

म्हणून सामानासाठी वरचा वर्ग घेऊ नका. घ्यायचाच असेल तर दोन कारणांसाठी घ्या. एक म्हणजे झोप. घर रिकामं करतानाच्या शेवटच्या आठवड्यात कुणाचीच धड झोप होत नाही, आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घराची चावी, बँक, मुलांची शाळा, नोकरीतला पहिला दिवस अशी डोकं ताळ्यावर हवं असणारी कामं रांगेत उभी असतात. दुसरं म्हणजे तारीख हलली तर तिकीट हलवता येणं. यातलं पहिलं कारण सीटवर अवलंबून आहे. दुसरं वर्गाबरोबर आपोआप येत नाही, ते भाड्याच्या अटींबरोबर येतं. माणसं चुकतात ती इथेच.

एकाच बिझनेस केबिनमधल्या शेजारशेजारच्या दोन सीटांची तिकिटं पूर्ण वेगळ्या अटींवर विकलेली असतात. सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात काही कंपन्या लाउंज देत नाहीत, सीट निवडायचे पैसे घेतात, परतावा तर नसतोच. पैसे भरण्याआधी त्या भाड्याचे नियम उघडून वाचा, आणि वाचताना 'बदल शुल्क नाही' या शब्दांपाशी थांबा. त्याचा अर्थ दंड लागत नाही एवढाच. नव्या तारखेला तुमच्या भाड्याची सीट शिल्लक नसेल तर वरच्या भाड्यातला फरक भरावाच लागतो, आणि बिझनेसमध्ये हा फरक कधी कधी मूळ तिकिटाच्या अर्ध्याइतका निघतो. रद्द केल्यास काय मिळतं आणि न कळवता गैरहजर राहिल्यास काय मिळतं, हे दोन वेगळे नियम असतात. दुसरा जवळजवळ नेहमीच जास्त कडक असतो. जायचं जमणार नाही असं विमान सुटण्याच्या काही तास आधी जरी कळलं, तरी तिकीट आधी रद्द करा आणि पुढचं मग बघा.

व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढावंच लागत असेल, तर परतावा मिळणारं भाडं घ्या, मग वर्ग खालचा असला तरी चालेल. परतावा नसलेल्या बिझनेसपेक्षा परतावा असलेली प्रीमियम इकॉनॉमी स्थलांतरासाठी केव्हाही शहाणपणाची.

आता एकेरी की दुहेरी. पूर्ण सेवेच्या कंपन्यांचं लांब पल्ल्याचं एकेरी भाडं दुहेरीच्या निम्मं असेलच असं नाही. ते पाऊण असतं, काही मार्गांवर दुहेरीहून महागही असतं. दोन्ही शोधून बघा. दुहेरी स्वस्त पडलं तर परतीचा टप्पा वर्षभराच्या आतल्या पहिल्या भेटीसाठी ठेवा. बहुतेक तिकिटांची वैधता साधारण एक वर्षाची असते, पण स्वस्त भाड्यात ती कमी असू शकते, तेही नियमांत लिहिलेलं असतं. परतीचा टप्पा वापरलाच नाही तर काय, यावर प्रत्येक कंपनीच्या वाहतूक-अटी वेगळ्या आहेत. काही कंपन्या प्रत्यक्ष वापरलेल्या प्रवासाचं भाडं नव्याने आकारण्याचा हक्क राखून ठेवतात, तेव्हा त्या अटी वाचल्याशिवाय हा मार्ग धरू नका. न वापरलेल्या टप्प्याचे विमानतळ-कर मात्र मागितल्यावर अनेकदा परत मिळतात. आणि तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात. पहिला टप्पा सोडून दुसऱ्या शहरातून चढू म्हटलं तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं.

एकेरी तिकिटावर कुठला व्हिसा चालतो, हे काउंटरवरचा माणूस टायमॅटिक या आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) माहितीकोशात बघून ठरवतो. राहायचा किंवा कामाचा व्हिसा असेल तर अडचण येत नाही. पर्यटक व्हिसावर आधी जाऊन तिथे कागद बदलून घ्यायचा बेत असेल, तर पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाचं तिकीट मागितलं जातं, आणि ते नसेल तर बिझनेसचं तिकीट असूनही विमानात बसवत नाहीत.

माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या योजनेतले पॉइंट, साठवलेले असतील तर ते वापरायची हीच वेळ, कारण बहुतेक योजनांत माइल्सचं तिकीट एकेरी दरानेच मिळतं आणि एकेरीला जास्त मोजण्याचा प्रश्नच राहत नाही. दोन खबरदाऱ्या मात्र घ्या. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात एकदा वळवले की परत येत नाहीत, त्यामुळे हव्या त्या दिवशी सीट दिसत असल्याची खात्री करूनच वळवा. आणि एकाच विमानात चौघांसाठी माइल्सच्या बिझनेस सीटा क्वचित मिळतात. तशा वेळी दोघं आज आणि दोघं उद्या, असं कुटुंब विभागून जाणं कामी येतं.

बोली लावून वरचा वर्ग मिळवण्याच्या योजनांवर स्थलांतराचा बेत आखू नका. बोली लागली की नाही हे बऱ्याचदा प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी कळतं, आणि लागली तरी अनेक कंपन्या सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच ठेवतात. म्हणजे ३२ किलोच्या हिशोबाने भरलेल्या बॅगा काउंटरवर उघडाव्या लागतील.

सीटबद्दल बोलायचं तर 'बिझनेस' हा शब्द पुरेसा नाही. विमानाचा प्रकार बघा. तिकिटावर किंवा वेळापत्रकात त्याचा सांकेतिक क्रमांक असतो: '७७डब्ल्यू' म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर, '७८९' म्हणजे ७८७-९, '३५९' म्हणजे एअरबस ए३५०-९००. त्यानंतर सीटचा नकाशा बघा. एका रांगेत दोन मार्गिकांच्या डावीकडे, मधे आणि उजवीकडे किती सीटा, हे त्यात कळतं. १-२-१ अशी रचना असेल तर प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येतं. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर खिडकीच्या माणसाला रात्री शेजाऱ्याला ओलांडून जावं लागतं. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या दोन विमानांत दोन पिढ्यांच्या सीटा असतात, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय नुसत्या नावावर जाऊ नका. जुन्या काही सीटा सपाट होतात पण जमिनीशी तिरक्या राहतात. त्यांत झोपलेला माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो.

पायाच्या कप्प्याकडे तर फारच थोडे लोक बघतात. आळीपाळीने पुढे-मागे मांडलेल्या सीटांत तुमचे पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखालच्या पोकळीत जातात. ही पोकळी टोकाकडे निमुळती होते. पाठीवर झोपणाऱ्याला ती पुरते. कुशीवर झोपणाऱ्याला वळताना आधी पाय बाहेर काढावे लागतात, आणि उंच माणसाचे अंगठे वरच्या फळीला लागतात. केबिनच्या पहिल्या रांगेपुढे कुणाचं टेबल नसल्यामुळे तिथला कप्पा बऱ्याच विमानांत रुंद असतो. त्याच रांगेत बाळांचे पाळणे लागतात आणि स्वयंपाकघराचा उजेडही येतो, हे मात्र लक्षात ठेवून निवडा. अशाच मांडणीत खिडकीकडच्या सीटांपैकी एक रांग सोडून एक खिडकीला चिकटून असते आणि मधली मार्गिकेला चिकटून. झोप हवी असेल तर खिडकीला चिकटलेली घ्या.

प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे लहान बिझनेस नव्हे, ती मोठी इकॉनॉमी आहे. दोन रांगांमधलं अंतर साधारण ३८ इंच, इकॉनॉमीत ३१-३२. पाठ जास्त मागे जाते, पण सपाट होत नाही. जेवणाचा ट्रे सीटच्या हात टेकायच्या दांड्यात असतो आणि तो दांडा पक्का असतो, तो वर करून दोन सीटांचं अंथरूण करता येत नाही. दिवसाच्या विमानासाठी ती उत्तम आहे. रात्रीच्या बारा-चौदा तासांसाठी मी पैसे साठवून बिझनेसच सुचवेन, आणि सगळा प्रवास परवडत नसेल तर फक्त रात्रीचा लांब टप्पा बिझनेसमध्ये आणि दिवसाचा छोटा टप्पा इकॉनॉमीत अशी मिश्र तिकिटं मागून घ्या.

झोपेचा हिशोब तासांत करा. आठ तासांच्या रात्रीच्या विमानात चढाई आणि जेवणात दोन-अडीच तास जातात, उतरण्याआधी नाश्त्यासाठी दीड तास आधी दिवे लागतात. उरले चारेक तास. जेवण लाउंजमध्येच उरकून, चढल्या चढल्या 'नाश्त्याला उठवू नका' असं सांगितलं तर तेच सहा-साडेसहा तास होतात. चौदा तासांच्या विमानात ही ओढाताण नसते. तिथे मुक्कामाच्या ठिकाणच्या रात्रीशी झोप जुळवा. ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. निवड असेल तर या विमानांना झुकतं माप द्या. उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं.

पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणायची पद्धत पडली आणि त्यातून बिझनेसवाल्यांना तो धोका नाही असा समज झाला. कारण सीट नसून तासन्‌तास न हलणं हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासानंतर हा धोका दोन ते तीन पट होतो असं दिसलं. तोही मुळात कमी असलेल्या धोक्याच्या पटीत, पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, गरोदरपण असेल, पूर्वी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

बाळ बरोबर असेल तर तीन गोष्टी तिकिटाआधी फोन करून विचारा. मांडीवरच्या बाळाचं भाडं आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के असतं, आणि बिझनेसमध्ये ते बिझनेसच्या भाड्याच्या दहा टक्के धरतात. ही रक्कम बघून अनेकांना धक्का बसतो. पाळणा ठरावीक रांगांतच लागतो, वजनाची मर्यादा अनेक कंपन्यांत दहा-अकरा किलोच्या आसपास असते, आणि काही केबिनांत बिझनेसला पाळण्याची सोयच नसते. तिसरी गोष्ट म्हणजे कार-सीट, बाळाला बांधून बसवायची सुटी खुर्ची. बऱ्याच बिझनेस सीटांच्या पट्ट्यात एअरबॅग असते आणि तिच्यावर कार-सीट बांधायला परवानगी नसते. सीट विकत घेतली, कार-सीट आणली आणि दारात ती काढून घेतली, असा प्रकार यामुळेच होतो. कुत्रा-मांजर केबिनमधून न्यायचं असेल तर सपाट सीटांखाली पिंजऱ्याला जागा नसल्यामुळे काही कंपन्या बिझनेसमध्ये प्राणी घेतच नाहीत, इकॉनॉमीत घेतात. ब्रिटनसारख्या देशात तर पाळीव प्राणी विमानाने आणायचा असेल तर सहसा कार्गोनेच आणावा लागतो.

आता बॅगा भरू. ई-तिकिटावर प्रत्येक टप्प्यापुढे सामानाची मर्यादा छापलेली असते: '२पीसी' म्हणजे दोन नग, '४०के' म्हणजे एकूण ४० किलो. नगाच्या पद्धतीत एक बॅग ३५ आणि दुसरी २० किलोची करून सरासरी काढता येत नाही. वजनाच्या पद्धतीत एकाच बुकिंगवरच्या माणसांचं वजन बऱ्याच ठिकाणी एकत्र धरतात. पण दोन्हीकडे एका नगाला ३२ किलो ही मर्यादा आहे. ती बॅगा उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे, त्यामुळे पैसे भरूनही ओलांडता येत नाही. घरच्या काट्यावर आधी नुसते आणि मग बॅग धरून उभे राहा आणि वजाबाकी करा, भरायचं मात्र ३१ पर्यंतच. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमी ही मर्यादा चाकं आणि मूठ धरून असते. हवा काढायच्या पिशव्या जागा वाचवतात, वजन वाचवत नाहीत. उलट त्यांच्यामुळेच बॅग अर्धी भरलेली दिसते आणि काट्यावर ३६ निघते.

पुढे वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत विमान असेल तर ३२ किलोचा काही उपयोग नाही. तिथे बऱ्याचदा २३ किंवा त्याहून कमी चालतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, मग सामानाचा नियम बहुधा मुख्य टप्प्याचाच पुढे चालू राहतो. अमेरिकेत सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या एका तिकिटावरच्या प्रवासाला तर संपूर्ण मार्गभर एकच सामान-नियम लावणं कंपन्यांना बंधनकारक आहे. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सहसा बॅगा पट्ट्यावरून घेऊन, कस्टम ओलांडून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून मधला वेळ तीन तास तरी ठेवा.

याहून जास्त सामान असेल तर ते कार्गोने पाठवा आणि आकारमानाचं वजन आधी काढा. विमान-कार्गोत घन सेंटिमीटरला ६,००० ने भागतात, कुरियरवाले ५,००० ने. ६०×५०×५० सेंमीचा खोका कार्गोत २५ किलोचा धरला जातो, कुरियरकडे ३० चा, आत उशा का असेनात. पुस्तकं कार्गोत परवडतात, उशा-गाद्या नाहीत.

घर हलवताना बॅटऱ्या हमखास अडकतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका फक्त केबिनमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाहीत. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते आणि त्या दोनच नेता येतात, १६० च्या वर बंदी. पॉवर बँकेवर मिलीअँपिअर छापलेले असतात: २०,००० ला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॅट-अवर. ड्रिलची १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० होते, चालते, पण ड्रिलमधून काढून टोकांना चिकटपट्टी लावा. ई-सायकलची बॅटरी बहुधा मर्यादेबाहेर जाते, ती विकून टाका. २०२५ पासून अनेक कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाही मनाई केली आहे.

केबिन बॅगेत मूळ प्रमाणपत्रं, औषधं चिठ्ठीसकट, दागिने आणि हार्ड डिस्क ठेवा. हरवलेल्या बॅगेची भरपाई माँट्रियल करारानुसार (विमान प्रवासातल्या नुकसानीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंतच मिळते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, ही रक्कम साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर होते. ही २८ डिसेंबर २०२४ पासूनची मर्यादा आहे, आणि ती बिझनेस-इकॉनॉमी असा भेद करत नाही. बॅगेत याहून मोलाचं काही असेलच तर चेक-इनला मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरायची सोय करारात आहे. युरोपीय संघातून निघताना, किंवा तिथल्या कंपनीने तिथे जाताना, तुम्हाला बिझनेसमधून खालच्या वर्गात बसवलं, तर ३,५०० किमीहून लांब टप्प्यासाठी त्या टप्प्याच्या भाड्याच्या ७५ टक्के रक्कम परत मागता येते. बोर्डिंग पास जपून ठेवा.

मागून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा उतरतानाच बरोबर हवी. कॅनडात 'बीएसएफ१८६' या फॉर्मवर मागून येणारं सामान पहिल्याच प्रवेशाच्या वेळी नोंदवावं लागतं, नाहीतर नंतर त्यावर कर लागू शकतो. ब्रिटनमध्ये सामान येण्याआधी 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'चा (राहायला येणाऱ्यांच्या सामानावरच्या करसवलतीचा) अर्ज करून क्रमांक घ्यावा लागतो. अमेरिकेत 'फॉर्म ३२९९' भरतात. यादीत 'कपडे, भांडी' असं मोघम लिहू नका, वस्तू, नग आणि अंदाजे किंमत लिहा, विजेच्या उपकरणांचे सिरियल नंबरही. शिक्का मारलेली प्रत मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

बिझनेसच्या बॅगांना लावलेली प्राधान्याची पट्टी बऱ्याच विमानतळांवर काम करत नाही, त्यामुळे बॅग पहिल्या दहा मिनिटांत आली नाही म्हणून घाबरू नका. आल्यावर मात्र पट्ट्यापाशीच चारही चाकं, मूठ आणि शिवण बघा. काही मोडलेलं दिसलं तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. घरी गेल्यावर लक्षात आलं तर नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत पोहोचायला हवी. बॅग उशिरा आली असेल तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत, आणि दरम्यान घेतलेल्या कपड्यांच्या, औषधांच्या पावत्या त्याच तक्रारीला जोडा.